हळदीच्या पाण्याने ‘चरबीची सूज’ उतरत नाही

फॅमिली ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘जाड माणसाच्या अंगात सूज असते. सात दिवस उपाशीपोटी हळदीचं पाणी प्या, सूज आणि पोट दोन्ही उतरेल.’ पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणूनच दुसरं लोकांच्या गळी उतरतं.

ही सूज बोटाने दाबून कळणारी नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगतात, तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफसारखी दाहक रसायनं झिरपत राहतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत हे रसायन १९९३ साली सापडलं. ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं.

आणि बारीक दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! म्हणून काट्याबरोबर टेपही घ्या: कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.

हळद भाजीत खुशाल घाला. पण वजन खरोखर घटलं की रक्तातला सीआरपी (ही सूज मोजायचं माप) खाली येतो, पेलाभर पिवळ्या पाण्याने नाही. माझ्या मावशीने या मेसेजपायी मधुमेहाची गोळी बंद केली होती. कृपा करून तेवढं कुणी करू नका.