घरबसल्या पार्सल-अधिकारी कसे व्हावे

सर्वप्रथम अभिनंदन. तुमची निवड झाली आहे. सकाळी अर्ज केला, दुपारी चॅटवर मुलाखत झाली आणि संध्याकाळी नेमणूकपत्र हातात. साध्या कारकुनाच्या जागेसाठीही लोक शिक्षण विचारतात, अनुभव विचारतात, आधीच्या साहेबांना फोन करतात. इथे तसले काही झाले नाही. तीनच प्रश्न होते: दिवसा घरी कोणी असते का, प्रिंटर आहे का, कुरिअरच्या कचेरीपर्यंत जाता येईल का. तिन्हीला तुम्ही 'हो' म्हणालात आणि एका आंतरराष्ट्रीय कंपनीचे 'शिपिंग समन्वयक' झालात. गुणवत्तेची कदर करणारे लोक अजून जगात आहेत.

आता नोकरी टिकवायची तर काही पथ्ये पाळावी लागतील.

पहिले पथ्य म्हणजे चौकशी करायची नाही. कंपनीचे संकेतस्थळ देखणे आहे, हेडफोन लावून हसणारी माणसे त्यावर आहेत, तेवढे पुरे. त्या संकेतस्थळाची नोंदणी कधी झाली हे कोणालाही दोन मिनिटांत फुकट पाहता येते. ते पाहू नका. दहा वर्षे जगभर माल पोहोचवणारी कंपनी गेल्या महिन्यात जन्मली असे निघाले, तर उगाच जिवाला घोर. 'एवढी मोठी कंपनी स्वतःचे गोदाम का घेत नाही, माझ्या दिवाणखान्यातून माल का फिरवते' हा प्रश्नही गिळून टाका.

दुसरे पथ्य म्हणजे मागतील ती कागदपत्रे द्यायची. ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो, पत्त्याचा पुरावा, पगार जमा करायला बँक खात्याचा तपशील आणि करारावर सही. पगार महिना भरल्यावर मिळेल असे करारात लिहिलेले असते. पार्सल गहाळ झाले तर भरपाई तुमच्याकडून, असेही एखादे कलम असते. समोरच्याचे आडनाव तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्याकडे मात्र तुमचा सगळा जन्मदाखला गेला. यालाच विश्वासाचे नाते म्हणतात.

आता कंपनीचा खरा धंदा समजून घ्या. मन लावून काम करायला ते बरे असते.

कंपनीजवळ, किंवा कंपनीच्या गिऱ्हाइकांजवळ, चोरलेल्या क्रेडिट कार्डांचे आकडे आहेत. असे आकडे घाऊक मिळतात. २०१३च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली होती. पण आकडे म्हणजे पैसे नव्हेत, आणि चोराची खरी अडचण इथेच सुरू होते. नुसत्या आकड्यावर एटीएम पैसे देत नाही, त्याला पिन लागतो. खात्यातून खात्यात वळवले तर माग राहतो. बनावट कार्ड छापून दुकानात जावे, तर चिपने तो रस्ता अरुंद केला. ऑक्टोबर २०१५पासून अमेरिकेत चिप न वाचणाऱ्या दुकानदाराच्या गळ्यात बनावट कार्डाचे नुकसान पडू लागले, तशी दुकानदारांनी यंत्रे बदलली आणि चोरांनी आपला मुक्काम ऑनलाइन हलवला. युरोपीय संघात सप्टेंबर २०१९पासून ऑनलाइन पैसे भरताना दुहेरी खातरजमेचा नियम आला. जिथे प्रत्येक खरेदीला फोनवर ओटीपी येतो तिथे नुसता आकडा फारसा कामाचा नाही. पण जग मोठे आहे आणि सगळी दुकाने ओटीपी मागत नाहीत.

म्हणून आकड्याची वस्तू करायची आणि वस्तूचे पैसे. वस्तू अशी हवी की सीलबंद खोक्यात उद्याच्या उद्या जवळजवळ पूर्ण भावाने विकली जाईल: फोन, लॅपटॉप, कॅमेऱ्याची भिंगे, गेमिंग कन्सोल, महागडे बूट, अत्तरे. मात्र कार्ड एका देशातले आणि माल थेट दुसऱ्या देशात मागवला, की दुकानातला गैरव्यवहार तपासणारा विभाग खडबडून जागा होतो. पुष्कळ दुकाने तर काही देशांना माल पाठवतच नाहीत. त्याच देशातल्या साध्या घराचा पत्ता असला की दुकानाला वाटते, मामाने भाच्याला वाढदिवसाची भेट धाडली असेल. भाचा म्हणजे तुम्ही. कंपनीला तुमचे कौशल्य, वेळ, चिकाटी यांतले काहीच नको होते. तिने नोकरीवर ठेवला आहे तो तुमचा पत्ता. तुम्ही त्याच्याबरोबर फुकट आलात.

रोजचे काम सोपे आहे. दारावरची बेल वाजते, खोके येते. खोक्यावर पत्ता तुमचा, नाव कोणा अनोळख्याचे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच अनोळख्याचे. एकाच घरात आठवडाभरात सहा निरनिराळ्या आडनावांची माणसे राहायला आली याचे आश्चर्य कुरिअरवाल्याला वाटू द्या, तुम्हाला नको. खोके उघडायचे, वस्तूचा आणि तिच्या क्रमांकाचा फोटो काढून कंपनीच्या पोर्टलवर चढवायचा. आत दुकानाची पावती असते, ती बाहेर काढायची. नीट काढायची, कारण या सबंध व्यवहारात खरे बोलणारा तेवढाच एक कागद असतो. कार्ड कोणाचे, राहतो कुठे, वस्तू केवढ्याची, सगळे त्यावर छापलेले. तो वाचायचा मोह झाला तर नोकरी संपलीच म्हणून समजा. मग वस्तू दुसऱ्या खोक्यात भरायची, चिकटपट्टी लावायची आणि ईमेलवर आलेले लेबल छापून वर डकवायचे.

या लेबलाकडे जरा आदराने पाहा. 'प्रेषक' या रकान्यात तुमचे नाव आहे. मोठ्या कंपनीने इतक्या नव्या माणसाला इतक्या लवकर पुढे आणल्याचे उदाहरण विरळा. लेबलाचे पैसे आधीच भरलेले असतात. पुष्कळदा तेही दुसऱ्या एखाद्या चोरलेल्या कार्डातून किंवा कोणा तिसऱ्याच्या कुरिअर खात्यातून. कुरिअर कंपनीला हे उमगले की ती पार्सल अडवते आणि पैशांसाठी प्रेषकाचे दार ठोठावते. परदेशी जाणाऱ्या खोक्यावर कस्टमचे प्रतिज्ञापत्र असते. आत नवाकोरा लॅपटॉप आणि वर 'भेटवस्तू', किंमत किरकोळ. खाली सही तुमची. कस्टमला खोटे सांगणे हा वेगळा गुन्हा आहे, त्याला चोरीच्या कार्डाची गरज नाही. एकाच पगारात दोन-तीन गुन्हे करायची सोय इतर नोकऱ्यांत कुठे असते?

पगारावरून आठवले. २०१५मध्ये संगणक सुरक्षेच्या संशोधकांनी अशा काही टोळ्यांच्या पोर्टलांतली माहिती मिळवून तिचा अभ्यास केला. धंद्याची वाटणी त्यात स्वच्छ दिसली. एक गट पोर्टल चालवतो, तुमच्यासारख्यांची भरती करतो आणि तुम्हाला भाड्याने देतो. दुसऱ्या गटाकडे कार्डे असतात, तो खरेदी करतो. पोर्टलवाला मालाच्या किमतीत निम्म्यापर्यंत वाटा घेतो, नाहीतर पार्सलमागे ठरलेली फी. त्या संशोधकांचा अंदाज असा की या मार्गाने वर्षाला सुमारे १६ लाख कार्डे वापरली जातात आणि १८० कोटी डॉलरचा माल फिरतो. त्यांनी पाहिलेल्या पार्सलांपैकी बहुतेक मॉस्को आणि आसपासच्या भागात उतरत होती. इतकी मोठी उलाढाल पाहून तुमच्या पगाराची खात्री वाटू लागली असेल.

तर तो पगार. टोळ्या कामगाराला साधारण तीस दिवस ठेवतात. एकतिसाव्या दिवशी सकाळी पासवर्ड चालत नाही, चॅटवरचा मॅनेजर नाहीसा झालेला असतो, फोन लागत नाही. यात मॅनेजरचा दुष्टपणा शोधू नका, त्यामागे हिशेब आहे. कार्डधारकाला महिन्याचे बिल येते, तो बँकेकडे तक्रार करतो, बँक दुकानाकडे विचारणा करते आणि दुकान माल कुठे पोहोचला ते काढून तो पत्ता काळ्या यादीत टाकते. महिना भरता भरता तुमचा पत्ता निकामी होतो. पगाराची तारीख नेमकी त्याच्या पुढे ठेवलेली असते.

काही भाग्यवंतांना चेक येतोसुद्धा. ठरलेल्या पगारापेक्षा जास्त रकमेचा. 'हिशेबात चूक झाली, वरचे पैसे परत पाठवा,' असा निरोप पाठोपाठ येतो. तुम्ही प्रामाणिक, म्हणून लगेच पाठवता. मग काही दिवसांनी चेक बनावट निघतो, बँक पूर्ण रक्कम तुमच्या खात्यातून वळती करते आणि परत पाठवलेले पैसे गेलेले असतात ते गेलेलेच. सुरुवातीला दिलेली ओळखपत्रेही वाया जात नाहीत. त्यांवर कोणीतरी कर्ज काढते, किंवा पुढच्या टोळीचे खाते उघडते.

शेवटी नुकसान कोणाचे, याचाही निकाल लावून टाकू. कार्डधारकाला बहुधा पैसे परत मिळतात. अमेरिकेत तर १९७०च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत व्यवहारात त्याची जबाबदारी ५० डॉलरवर थांबवली आहे. बँक ते पैसे दुकानदाराकडून वसूल करते. दुकानदाराचा मालही जातो, पैसेही जातात आणि वर चार्जबॅकचा, म्हणजे बँकेने पैसे परत ओढून घेतल्याचा, दंड बसतो. टोळीतल्या कोणाचे खरे नाव कुठल्याही कागदावर नाही. तपास करणारा अधिकारी सगळी कागदे पुढे मांडतो तेव्हा पोचपावतीवर एक नाव, कस्टमच्या कागदावर तेच, कुरिअरच्या नोंदीत तेच, करारावरही तेच. इतका सुसंगत पुरावा त्या बिचाऱ्यालाही क्वचितच मिळतो. 'मला काही माहीत नव्हते' हे पहिल्या पार्सलापुरते पटण्यासारखे असते. पंधराव्या पार्सलाला, नवव्या आडनावाला, बाजूला काढून ठेवलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्यासमोर ते जड जाते. मुद्दाम डोळे मिटणे म्हणजे माहीत असणेच, असे बऱ्याच देशांतली न्यायालये मानतात.

ही सगळी दगदग नको असेल तर नुसते गिऱ्हाईक होऊनही सेवा करता येते. ऑनलाइन बाजारात नव्या विक्रेत्याने बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत सीलबंद वस्तू लावलेली असते. तुम्ही खरे पैसे भरता. विक्रेत्याकडे वस्तू नसतेच. तो चोरलेल्या कार्डावर मोठ्या दुकानातून ती मागवतो आणि पत्ता तुमचा देतो. वस्तू अस्सल, तुम्ही खूश, पाच तारे. दुकानाचा माणूस विचारपूस करायला येईल तेव्हा खोक्यावर दुकानाचे नाव आणि विक्रेत्याचे वेगळे नाव कसे, हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदाच पडेल.

काही लोक मात्र या क्षेत्रात टिकत नाहीत. त्यांची लक्षणे लगेच कळतात. दुसऱ्या पार्सलावर वेगळे नाव दिसले की ते थांबतात. पुढचे लेबल छापत नाहीत. घरात असलेली खोकी उघडत नाहीत, मॅनेजरला धाडत नाहीत आणि स्वतःही ठेवून घेत नाहीत. पोर्टल बंद होण्याआधी सगळे चॅट, ईमेल, लेबले आणि करार यांच्या प्रती काढतात, कारण पोर्टल गेले की 'मला फसवले' हे सांगायला कागदच उरत नाही. खोक्यावरच्या दुकानाचा नंबर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून शोधून त्याला कळवतात, कुरिअर कंपनीला कळवतात, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घेतात. ज्या बँकेचे खाते दिले होते तिथे जाऊन ते बदलून घेतात आणि आपल्या नावावर कोणी कर्ज काढले का, हे पत नोंदवणाऱ्या संस्थेकडून तपासून घेतात.

अशा कामचुकारांना मॅनेजर प्रथम गोडीगुलाबीने समजावतो, मग बोनस देऊ करतो आणि शेवटी धमकावतो: पार्सल आज निघाले नाही तर कंपनी तुमच्याविरुद्ध चोरीची फिर्याद देईल. ही धमकी आली की पोलीस ठाण्यात जाऊन खुशाल त्याची वाट पाहत बसावे. फिर्याद द्यायला तो आलाच, तर त्याचे आडनावही कळेल.