‘चार दगड’ आणि एक ‘पक्का नाशिककर’

सिन्नरवरच्या माझ्या लेखाखाली ‘पक्का नाशिककर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तिथल्या गोंदेश्वराच्या जुन्या देवळाला मी हेमाडपंती म्हटलं ते चूक, राहायच्या सोयीबद्दल, बायकांसाठी स्वच्छतागृहाबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि शेवटी, “चार दगड बघायला गाडी काढून जायचं, येताना मिसळ चापायची आणि वर संस्कृती म्हणून लिहायचं!”

आधी चूक कबूल करतो. मंदिर भूमिज शैलीतलं आहे, म्हणजे मोठ्या शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा रचलेलं. ज्याच्या नावावरून हेमाडपंती शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, गोंदेश्वर त्याआधीचं. आपल्याकडे दगडावर दगड रचलेल्या कुठल्याही जुन्या देवळाला हेमाडपंती म्हणायची सवय आहे, तीच माझ्या हातून उतरली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ते ‘चार दगड’.

आपण मुद्दा मांडला असतात तर मी मुद्द्याला उत्तर दिलं असतं. पण ही काय भाषा झाली? माझं आजोळ सिन्नरचं. आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, तेंडूच्या पानांचा वास तिच्या लुगड्याला कायमचा. मे महिन्यात मामा आम्हा पोरांना दुपारभर गोंदेश्वरात सोडून द्यायचा, कारण गावात तेवढीच गार जागा. नंदीपुढे बसून मी एकोणतीसचा पाढा पाठ केलाय. आणि गाडी कसली काढतो? तेव्हा नाशकातल्या सीबीएस बसस्थानकावरून एसटीने जायचो, अर्धा रस्ता उभ्याने.

मोजायचंच असेल तर नीट मोजा. दगड सोडा, देवळंच पाच आहेत: मधे महादेव, भोवती सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती. अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या मकरमुखापाशी पाच मिनिटं तरी थांबला होतात का? देवगिरीच्या आधी यादवांचा कारभार या गावातून चालत होता. तुम्हाला दिसले चार दगड.

मिसळ खाल्ली, हो. नाशकात राहून मिसळ खाणं गुन्हा कधीपासून झाला? आणि जाता जाता, पक्का नाशिककर ‘नाशकात’ म्हणतो. तुम्ही प्रतिक्रियेत दोनदा ‘नाशिकमध्ये’ लिहिलंय.

लेखाचा दुसरा अर्धा भाग नांदूरमध्यमेश्वरवर होता. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. थंडीत पहाटे चापडगावला उभं राहिलं की धुकं विरता विरता आधी बदकांचा कलकलाट येतो, मग चक्रवाक दिसतात. सकाळी पक्षी, उन्हं चढल्यावर सिन्नर, असा एका दिवसाचा बेत मी स्वतः तीनदा केलाय. त्यावर चकार शब्द नाही. म्हणजे तिथपर्यंत वाचलंच नसणार.

राहिला सोयींचा प्रश्न. मी लॉज चालवत नाही आणि नगरपालिकेतही नाही. स्वच्छतागृहाचं आमच्या हिनेही परतीच्या वाटेवर विचारलं होतं, पण ती निदान सरळ विचारते.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. रविवारी येवल्याला निघालोय, पैठणीचे माग बघायला. तिथे दगड नाहीत. कशाला नावं ठेवायची ते आत्ताच ठरवून ठेवा.