रविवार कोणाचा?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तोच वाद झाला, मी जर्मनीत श्टुटगार्टला आल्यापासून गेली चौदा वर्षं अधूनमधून होतोच तो. कुणीतरी फॉरवर्ड टाकला की तिकडे पैसा आहे पण मनःशांती नाही, आपल्याकडे पैसा कमी असेल पण अध्यात्म आहे. त्यावर आतेभावाने लिहिलं की अध्यात्म पोट भरल्यावर सुचतं, आधी इकॉनॉमी वाढू दे. मग काकांनी तुकोबांचं उदाहरण दिलं, सावकारी घरात जन्मून आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली त्यांनी, आणि शेवटी मला टॅग करून विचारलं, "तू तिकडे राहतोस, तूच सांग, सुखी कोण?"

मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. दोन ओळीत सांगण्यासारखं ते नाहीये आणि मला जे वाटतं ते दोन्ही बाजूंना पटेल असंही नाही.

इथे आल्यावर पहिला धक्का बसला तो रविवारचा. शनिवारी रात्री उशिरा पोचलो, घरात दाणा नाही, सकाळी पिशवी घेऊन निघालो तर सगळा रस्ता बंद. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, हार्डवेअर, सगळं. एक बेकरी काही तास उघडी आणि बाकी स्टेशनवर किंवा पेट्रोल पंपावर मिळेल ते. पुढे एका रविवारी भिंतीत शेल्फ लावायला ड्रिल चालू केलं तर पाचच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात. आवाज न चढवता म्हणाल्या, आज रविवार आहे. एवढंच. गवत कापायचं मशीन लावायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळखळाट होतो. मला तेव्हा हे सगळं जुनाट वाटलं होतं, एवढी श्रीमंत माणसं आणि आठवड्यातला धंद्याचा एक दिवस असा वाया घालवतात.

नंतर भाषा जरा यायला लागली तेव्हा कळलं की हे नुसतं शेजाऱ्यांचं वळण नाहीये, घटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेचं, म्हणजे जर्मनीच्या आधीच्या घटनेचं, १३९ वं कलम १९४९ च्या राज्यघटनेत जसंच्या तसं घेतलंय आणि त्यात म्हटलंय की रविवार आणि सरकारमान्य सणांचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने जपले जातील. आत्मिक उन्नती हा शब्द एका औद्योगिक देशाच्या घटनेत, आणि तो कुठे, तर कामाच्या सुट्टीशेजारी! बर्लिनने ख्रिसमसच्या आधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची मुभा दिली होती, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा धंदा, तर चर्चवाले कोर्टात गेले आणि १ डिसेंबर २००९ ला इथल्या घटना न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. कामगार संघटनाही रविवारच्या बाबतीत चर्चच्या बाजूने उभ्या राहतात. देव मानणारे आणि युनियनवाले एका मागणीसाठी एकत्र, हे मला फार भारी वाटतं.

आता कुणी म्हणेल की ही माणसं धार्मिक आहेत म्हणून. तर तसंही नाही, चर्चेस रिकामी होतायत. इथे चर्चचे सभासद असाल तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च टॅक्स वेगळा भरावा लागतो, आणि २०२२ मध्ये एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाखांवर लोकांनी नाव काढून घेतलं. त्या खालच्या आजींनीही काढलंय. पण त्या दर रविवारी बागेतली फुलं घेऊन नवऱ्याच्या कबरीवर जातात, येताना जंगलातून तास-दोन तास चालत येतात, फोन घरी ठेवून. त्याला अध्यात्म म्हणायचं का, मी म्हणतो. त्या स्वतः नाही म्हणत.

आणि मग मला आमच्याकडचा एक दिवस आठवतो. मी पुण्यात नोकरीला असताना आजी गेली. दहाव्याला आळंदीला घाटावर आम्ही सगळे, पिंड ठेवलेला, कावळ्याची वाट बघतोय, आणि माझा फोन वाजतोय, सॉफ्टवेअरचं रिलीज होतं त्या दिवशी. मी कडेला जाऊन पायरीवर लॅपटॉप उघडला. पाऊण तास. कावळा कधी शिवला मला कळलंच नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त परत निघताना म्हणाले, "झालं का रे तुझं काम?" आध्यात्मिक देशातली पवित्र नदी, पवित्र घाट, सगळे विधी यथासांग, फक्त मी तिथे नव्हतो. ती कंपनी वाईट होती असंही नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं आणि मला स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं हे जास्त लागतं.

म्हणून मला काकांचंही पटत नाही आणि आतेभावाचंही. पैसा एका पारड्यात आणि परमार्थ दुसऱ्यात असं काही नसतंच. दोघांनाही एकच गोष्ट लागते ती म्हणजे वेळ, आणि तो कुणाच्या हातात आहे हा खरा प्रश्न. २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा ९० तासांचा व्हिडिओ फिरला, रविवारीही तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांतला कामाचा दिवस ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. ग्रुपवर यातल्या एकाही गोष्टीला कुणी अध्यात्माचा प्रश्न म्हटलं नाही. मला तर हा सगळ्यात मोठा अध्यात्माचा प्रश्न वाटतो.

आणि गंमत म्हणजे हे आपल्याला जर्मनीकडून शिकायची गरजच नाही! वायमार घटनेच्या जवळजवळ तीस वर्षं आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. जोतिबा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना काढली, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा घेतली, तिथे बायकाही बोलल्या, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे रविवारच का म्हणत होते, तर तो खंडोबाचा वार, आणि कामगाराला घरासाठी, समाजाच्या कामासाठी एक दिवस हवा. म्हणजे पगार आणि देव, दोन्ही एकाच अर्जात. भौतिक विरुद्ध आध्यात्मिक असली भानगड त्यांच्या डोक्यात नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये ते गेले, आणि आज रविवारी लोळणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव माहितीये? मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, बाबांनी सांगितलं.

बाबा भोसरी एमआयडीसीत होते. तिथे विजेच्या भाराच्या हिशोबाने सुट्टी गुरुवारी. लाइटवाल्यांच्या सोयीने मिळालेली सुट्टी, पण गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, त्यामुळे आमच्याकडे सकाळी बाबांची अंघोळ, दत्ताची आरती, दुपारी आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी आणि संध्याकाळी बाबा आम्हाला सायकलवर पुढे-मागे बसवून मोरया गोसावीच्या देवळात नेणार. घरात फ्रिज नव्हता. पण तो दिवस पूर्ण आमचा होता, कारण कंपनीचा भोंगाच वाजायचा नाही.

इथे सगळं छान आहे असं सांगायला मी बसलो नाहीये. इथल्या रविवारी एकट्या माणसाला भिंती खायला उठतात. मी पहिली दोन वर्षं ते भोगलंय, दिवसभर कुणाशी एक शब्द नाही, संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकायला म्हणून मोठ्याने रामरक्षा म्हणायचो. माझ्या जिन्यातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे महिनोन्महिने कुणी येत नाही. कायदा दिवस मोकळा करून देतो, त्यात माणसं भरून देत नाही, आणि ती भरायची कला आपल्याकडे अजून आहे. आईच्या दारात रविवारी चार माणसं येतातच, आणि त्यातलं कुणी फोन करून येत नाही. पण आता तिथेही भाचा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला असतो, आणि खाली डिलिव्हरीवाला पोरगा दहा मिनिटांत दूध आणून देतो, त्याचा रविवार कुठला, तो मला तरी कुणी सांगितलेला नाही. २०१७ च्या कायद्याने आपल्याकडे दुकानं ३६५ दिवस उघडी ठेवता येतात, कामगाराला आठवड्याची एक सुट्टी दिलीच पाहिजे या अटीवर. अट चांगली आहे. पण सुट्टी नवऱ्याची मंगळवारी, बायकोची शुक्रवारी आणि पोरांची रविवारी असेल तर ते घर एकत्र जेवणार कधी?

माझा तोच हिंजवडीतला आतेभाऊ दरवर्षी वारीत आयटीवाल्यांच्या दिंडीबरोबर एक दिवस चालतो, पुणे ते सासवड, दिवे घाट चढतो, फोटो टाकतो आणि त्या एका दिवसावर वर्षभर बोलतो, डोळे भरून येतात त्याचे. मी त्याला नावं ठेवत नाही, मला हेवाच वाटतो. पण पेरणी उरकून पंढरपूरपर्यंत अठरा-वीस दिवस चालणारा शेतकरी त्याच्यापेक्षा श्रीमंत नाही, आणि तरी त्याच्याकडे ते दिवस आहेत. आतेभावाने मॅनेजरकडे त्या एका दिवसाची रजा मागितली तेव्हा कारण काय लिहिलं, तर पर्सनल वर्क.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं की सुखी कोण ते माहीत नाही, पण आपण सगळ्यांनी आधी रविवार मागून घेऊया, मग त्यात कुणी जप करा, कुणी झोपा काढा. काकांनी नमस्काराचा इमोजी टाकला. पुढच्या महिन्यात तीन आठवडे चिंचवडला येतोय आणि आतेभावाला म्हटलंय की एक रविवार लॅपटॉप घरी ठेव, बाबांना घेऊन आपण तिघं जेजुरीला जाऊ. बाबा लगेच हो म्हणाले. त्याचं अजून नक्की नाही, तो टीमला विचारून सांगतो म्हणाला.