फाउचे, बेदांक्त!

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला राहायला येऊन आम्हाला 6 वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीने माझा दुधाचा पॅक चुकून दोनदा स्कॅन केला, जीभ चावली आणि म्हणाली "फाउचे, बेदांक्त!" आणि माझ्या मागे रांगेत उभे असलेले आजोबा एकदम खूश होऊन हसले. मला शब्द कळले, "चूक झाली, धन्यवाद", पण त्यात हसण्यासारखं काय ते कळेना. मग डच क्लासच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या अरे ते विनोदी नट रैक दे खोयरचं वाक्य, एका विमा कंपनीच्या जुन्या जाहिरातीतलं, आता अख्खा देश चूक झाली की तेच म्हणतो. घरी येऊन यूट्यूबवर नाव टाकलं आणि तेव्हापासून हा माणूस काही डोक्यातून गेला नाही.

रैक दे खोयर (लिहितात ग, पण डच लोक त्याचा ख करतात) जन्मला ह्याच उट्रेख्तमध्ये, 17 डिसेंबर 1925 ला, एका बेकरीवाल्याच्या घरात. घरातलं वातावरण चर्चच्या कडक शिस्तीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पोरगेल्या वयात दोस्त सैन्यासाठी दुभाषाचं काम केलं. आणि मग शो, रेडिओ, टीव्ही. टीव्ही तिकडे तेव्हा नवीनच होता, आणि जॉनी क्राइकाम्पबरोबर त्याची जोडी जमली. "जॉनी एन रैक" म्हटलं की आजही साठी ओलांडलेल्या कुठल्याही डच माणसाचा चेहरा खुलतो. 1968 मध्ये त्यांचं "बोस्टेला" हे धमाल गाणंही तुफान चाललं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. ह्या जोडीत हशा मिळायचा जॉनीला. रैक होता "आनखेव्हर", म्हणजे देणारा, समोरच्याला वाक्य काढून देणारा. लोक असल्या माणसाला झील ओढणारा समजतात आणि मला ते अजिबात पटत नाही. त्यांचे जुने स्किट्स बघताना पहिल्यांदा मीसुद्धा जॉनीकडेच बघत होतो, भाषा अर्धीच कळत होती, म्हणून असेल. मग एकदा आवाज बंद करून नुसतं रैककडे बघितलं. जॉनी भलतंच काहीतरी करतो आणि हा हसू दाबायला ओठ घट्ट मिटतो, जबड्याचा स्नायू ताठ होतो, नजर क्षणभर बाजूला जाते आणि बरोब्बर त्या क्षणी पुढचं वाक्य टाकतो जिथे ते पडायला हवं, अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर सगळा विनोद पाण्यात. हे काम जॉनीच्या कामापेक्षा तसूभरही कमी नाहीये.

आणि माझं तर ठाम मत आहे की तो पुढे सिनेमात एवढा मोठा नट झाला तो ह्याच तालमीमुळे. समोरच्याचं ऐकायची सवय. 1975 च्या "द विल्बी कॉन्स्पिरसी"मध्ये सिडनी पॉटिये आणि मायकल केन आहेत, त्यात हा पोलिसवाला. 1977 मध्ये दिग्दर्शक पॉल व्हरहूव्हनच्या "सोल्दात फान ओरान्ये"त नाझी अधिकारी, म्हणजे ज्यांच्या विरुद्ध बाजूने तो खरंच उभा होता त्यांचीच भूमिका केली. तिथे तो ओरडत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. 1979 मध्ये रुटगर हाउअरबरोबर "ख्रेपस्ट्रा एन दे खीर", त्यात पोलिसांच्या जोडीतला थोराड, थकलेला ख्रेपस्ट्रा. पुन्हा जोडीच! मग नव्वदच्या दशकात टीव्हीवर कुरकुऱ्या फ्रेड स्खाउट, तो तर घराघरात पोचला.

डच फिल्म फेस्टिव्हलचा मोठा पुरस्कार म्हणजे सोनेरी वासरू, तो द्यायचा सोहळाही उट्रेख्तलाच असतो. रैकने 1995 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात आपलं वासरू चालत्या टॅक्सीच्या खिडकीतून सरळ बाहेर फेकून दिलं. लोक अजून हा किस्सा रंगवून सांगतात. पण मला विचाराल तर त्याचं मोठेपण त्या फेकण्यात नाही. ते "मादेलीफ"मधल्या आजोबांमध्ये आहे, 1998 चा लहान मुलांसाठीचा सिनेमा. आजी गेलीये, नात आजीबद्दल प्रश्न विचारतेय आणि म्हाताऱ्याला उत्तरं देता येत नाहीयेत. त्यात तो जवळजवळ काहीच करत नाही हो. नुसता बसलेला असतो, आणि माझ्या घशात आवंढा.

"होख्स्ते टैट" (1989) हाही बघाच. हॅरी म्युलिशच्या कादंबरीवरचा सिनेमा, विस्मरणात गेलेला म्हातारा करमणूकवाला ज्याला उतारवयात अचानक नाटकात मुख्य भूमिका मिळते. त्याआधी 3 वर्षं म्युलिशच्याच कथेवरच्या "दे आनस्लाख"मध्ये जॉनीने गंभीर भूमिका केली होती, आणि त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. दोघा विदूषकांना एकाच लेखकाच्या गोष्टींनी अशी जागा द्यावी ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

दोघं गेले एकाच वर्षी. जॉनी जुलै 2011 मध्ये, रैक 2 नोव्हेंबरला.

काल रात्री परत त्यांचं एक जुनं स्किट लावलं होतं. मुलगी शेजारी येऊन बसली, तिचं डच माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, जॉनीला बघून खदाखदा हसत होती. संपल्यावर म्हटलं, बाळा आता एकदा फक्त त्या दुसऱ्याकडे बघ. तिने व्हिडिओ मागे घेतला, लॅपटॉप जवळ ओढला आणि पहिल्यापासून लावला.