'फक्त २ शिल्लक' आणि माझा संपलेला संयम

मला एक चार्जिंगची वायर हवी होती. जुनी वायर टोकापाशी सोलवटून आतली तार दिसू लागली होती, म्हणजे गरज खरी होती आणि रक्कमही किरकोळ होती. चूक झाली ती एवढीच, की हे काम मी रात्री साडेअकरा वाजता, दिवे मालवून अंथरुणावर पडल्यावर, उरलेल्या नऊ टक्के बॅटरीवर करायला घेतले. आज दारात तीन खोकी येऊन पडली आहेत. पहिल्यात वायर आहे. दुसऱ्यात लेबले छापण्याचे तळहाताएवढे यंत्र आहे. तिसऱ्यात उताणे पडून पुस्तक वाचता यावे म्हणून छातीवर उभा करायचा एक घडीचा स्टँड आहे, आणि मी जन्मात कधी उताणी पडून वाचलेले नाही, कारण मी कुशीवर झोपते.

हे कसे घडले याचा हिशेब आज शांत डोक्याने मांडावा म्हणून बसले आणि डोके शांत राहिले नाही. वायरीची किंमत मोफत घरपोच सेवेसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या थोडी खाली होती, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी जवळजवळ काठोकाठ भरून उभी होती: आणखी थोडीशी खरेदी करा आणि पोहोचवण्याचा खर्च वाचवा. ती पट्टी अर्धी भरलेली असती तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. पण जे काम संपत आले आहे ते संपवून टाकावे ही माणसाची एरवी चांगली समजली जाणारी सवय आहे, आणि नेमकी तीच इथे माझ्याविरुद्ध वापरली गेली. पोहोचवण्याचा तो क्षुल्लक खर्च वाचवण्यासाठी मी त्याच्या कितीतरी पट खर्च केला, आणि शेवटी पडद्यावर 'अभिनंदन, आपण बचत केली आहे' असे वाचून क्षणभर खूशही झाले. ही मर्यादा आकाशातून पडत नाही. गिऱ्हाईक सहसा जेवढ्याची खरेदी करते त्याच्या जरा वर ती बांधायची, हा या धंद्यातला जुना आडाखा आहे, आणि तो मला ठाऊक होता. ठाऊक असूनही फसले, याचा संताप वेगळाच असतो.

मग सुरू झाला घड्याळाचा तमाशा. यंत्राच्या चित्रावर लाल आकड्यांत पंधरा मिनिटे उलटी मोजली जात होती, खाली 'फक्त २ शिल्लक' असे लिहिले होते आणि त्याच्याही खाली 'आत्ता ४७ जण ही वस्तू पाहत आहेत' अशी ओळ लुकलुकत होती. रात्री पावणेबारा वाजता लेबले छापण्याच्या यंत्राकडे सत्तेचाळीस माणसे श्वास रोखून पाहत बसली आहेत आणि त्यांतल्या दोघांनी हात पुढे केला की माझे आयुष्य लेबलांवाचून जाणार आहे, यावर मी, एक सुशिक्षित आणि एरवी संशयी स्वभावाची स्त्री, विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पान उघडून पाहिले, तेव्हा घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांपासून मोजायला लागले होते आणि शिल्लक अजूनही दोनच होती.

माझ्या डोळ्यांचा हा भ्रम नव्हता, हे मी निश्चितपणे म्हणू शकते. २०१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने खरेदीची सुमारे ११,००० संकेतस्थळे संगणकाकरवी तपासली, तेव्हा गिऱ्हाइकाला ढकलण्याच्या अशा युक्त्यांची १,८१८ उदाहरणे त्यांना सापडली. त्यांत काही घड्याळे अशी होती की ती शून्यावर आली तरी सवलत संपत नव्हती, आणि काही ठिकाणी तर 'इतके जण पाहत आहेत' हा आकडा कोणी मोजलेलाच नव्हता. पानाच्या कोडमध्ये मनाला येईल तो आकडा काढून देणारी सोय करून ठेवलेली होती. म्हणजे माझ्या त्या सत्तेचाळीस प्रतिस्पर्ध्यांचा जन्मही तशाच एखाद्या ओळीतून झाला असण्याची शक्यता मला आता फार दाट वाटते. बाजारात एखादा विक्रेता आपलीच माणसे गर्दीत उभी करून 'घ्या, घ्या, संपत आले' असे ओरडायला लावतो, तेव्हा आपण त्याला भामटा म्हणतो. हेच काम संगणकाने केले की त्याला विक्रीवाढीचे तंत्र म्हणतात आणि ते करणाऱ्याला पगारवाढ मिळते.

या प्रकाराला हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्येच 'डार्क पॅटर्न' असे नाव देऊन ठेवले आहे. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा १३ प्रकारांची यादी आहे, खोट्या घाईपासून गिऱ्हाइकाच्या नकळत टोपलीत वस्तू सरकवण्यापर्यंत. आणि युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातही ऑनलाइन मंचांना अशा फसव्या मांडणीची मनाई आहे. नाव आहे, यादी आहे, कायदा आहे. लाल घड्याळ मात्र अजून चालू आहे. त्या यादीतला मला सर्वांत चीड आणणारा प्रकार म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवण्याचा. एखादी जोडयोजना नको असेल तर साधे 'नको' म्हणण्याची सोयच नसते. फिकट राखाडी अक्षरांत 'नाही, मला पैसे वाचवण्यात रस नाही' असे लिहिलेले असते आणि त्यावर बोट ठेवून आपणच आपला मूर्खपणा कबूल करायचा असतो. माझ्या घरात माझ्याशी असे कोणी बोलले असते तर मी त्याला दार दाखवले असते.

आणि हे सगळे ज्या एका स्पर्शाने संपते, त्या स्पर्शाविषयी बोलल्याशिवाय माझा राग पुरा होणार नाही. अॅमेझॉनला १९९९ मध्ये एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि ते २०१७ पर्यंत टिकले. खरेदीतली एखादी पायरी कमी करणे ही एवढी मौल्यवान गोष्ट होती, की तिच्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या. पायरी कमी होण्याने इतके काय बिघडते, असे कोणी विचारील, तर बिघडते ते एवढेच की त्या पायरीवर माणूस क्षणभर थांबत असे आणि थांबला की विचार करत असे. पाकिटातून नोटा मोजून देताना हात जरा जड होतो, ही आपल्या सर्वांची ओळखीची भावना आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितले, तेव्हा कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या लोकांनी रोख देणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीपर्यंत बोली लावल्या. तेव्हा निदान कार्ड खिशातून काढावे लागत असे. आता कार्डाचा क्रमांक आधीच जपून ठेवलेला असतो आणि मी फक्त अंगठा टेकवते. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्याला निदान अक्षरओळख नसल्याची सबब होती. मला सर्व अटी वाचता येतात, आणि तरीही मी अंधारात, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी अंगठा देते.

किमतीवरच्या काटीविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तिच्यावर लिहायला लागले तर हा लेख तिचाच होऊन बसेल. मोठा आकडा काट मारून वर लिहायचा, लहान आकडा ठसठशीत खाली लिहायचा, आणि दोन्हींतला फरक हा जणू माझ्या हाती ठेवलेला रोख नफा आहे अशा थाटात मिरवायचा, ही युक्ती चालते. कारण पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलेल्या आकड्याला मन खुंटीसारखे धरून बसते आणि पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहते. तो वरचा आकडा कधी कोणी मोजला होता का, हे आपण विचारत नाही. युरोपीय संघाने मात्र विचारले. २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार सवलत जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ही मूळ किंमत म्हणून दाखवावी लागते. असा नियम करावा लागला, यातच त्या काट मारलेल्या आकड्यांची लायकी कळते.

आता परतीची गंमत पाहा. खरेदीला एक स्पर्श पुरला होता. परत करण्यासाठी मी आज सकाळी मोजून नऊ पाने ओलांडली. प्रत्येक पानावर 'परत करा' हे बटण नव्या जागी आणि 'वस्तू ठेवून घ्या' हे बटण ठळक रंगात होते, आणि मध्येच एका पानाने माझी समजूत काढण्यासाठी मला पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. म्हणजे नको असलेली वस्तू ठेवून घेतल्याबद्दल बक्षीस म्हणून आणखी एक नको असलेली वस्तू. शेवटी कारणांची यादी आली: वस्तू खराब निघाली, चुकीची आली, उशिरा आली, चित्राप्रमाणे नाही. माझे कारण त्यात नव्हते. वस्तू उत्तम आहे, वेळेवर आली आहे, चित्राप्रमाणेच आहे. फक्त ती मागवली तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. 'इतर' या कारणाखाली दिलेल्या चौकटीत शंभर अक्षरांपलीकडे लिहिता येत नाही. जे तिथे मावले नाही ते मी इथे लिहिते आहे. स्टँड परत घेतला जाईल असे कळले आहे. यंत्राचे वेष्टन मात्र मी उत्साहाच्या भरात फाडून टाकले होते आणि मूळ वेष्टनाशिवाय ते परत घेतले जात नाही.

हे कोणाला सांगावे, तर उत्तर ठरलेले असते: संयम ठेवावा, मनावर ताबा हवा, एक दिवस थांबून मग खरेदी करावी. या उपदेशाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकीकडे माझा प्रत्येक स्पर्श नोंदवून ठेवणारी यंत्रणा, बटण कोणत्या रंगाचे ठेवले तर अधिक लोक दाबतात हे निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरे बटण दाखवून तपासणारी माणसे, आणि दुसरीकडे दिवसभराच्या कामाने पेंगुळलेली मी. आणि या सामन्यात हरल्याबद्दल दोष कोणाचा, तर माझ्या स्वभावाचा. याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. शिवाय थांबण्याचा उपायही मी केलेला आहे. मागे एकदा एक वस्तू टोपलीत ठेवून मी निग्रहाने अॅप बंद केले. दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश आला, 'तुम्ही काहीतरी विसरलात!' मी काही विसरले नव्हते. मी नकार दिला होता, पण त्या भाषेत नकार हा शब्दच नाही, तिथे फक्त विसरभोळेपणा आहे. संध्याकाळी दुसरा संदेश आला, ती वस्तू माझी वाट पाहत असल्याचा. तिसऱ्या दिवशी त्याच वस्तूवर सवलत आली, आणि माझ्या तीन दिवसांच्या संयमाचे फळ म्हणून मी ती वस्तू विकत घेतली.

माझाही वाटा आहे, तो नाकारण्याचा खोटेपणा मी करणार नाही. त्या यंत्राच्या चित्रात एका पांढऱ्याशुभ्र फळीवर सारख्या आकाराचे डबे एका रेषेत उभे होते, प्रत्येकावर सुबक अक्षरांत नाव होते, आणि त्या घरात कोणालाही कधी काहीही शोधावे लागत नसणार, हे उघड दिसत होते. मला ते घर हवे होते. ते विक्रीला नव्हते, म्हणून मी यंत्र घेतले. माझ्याकडे सारख्या आकाराचे दोन डबेसुद्धा नाहीत. हा मोह दुकानात जाऊनही झाला असता हे खरे. पण दुकान रात्री बंद होते, तिथे जायला कपडे बदलावे लागतात, आणि हातात लेबलांचे यंत्र घेऊन पैसे द्यायच्या रांगेत उभे असताना पाच मिनिटांत मलाच माझे हसू आले असते. ही हसू येण्याची पाच मिनिटे माझ्याकडून कोणी काढून घेतली, याचे उत्तर संयमाचा उपदेश करणाऱ्यांनी द्यावे.

तर आता यंत्र परत जाणार नाही म्हटल्यावर निदान वापरावे, असे ठरवून मी दुपारी पहिले लेबल छापले. त्यावर 'वायरी' असे लिहिले आणि ते टेबलाच्या ज्या खणात सगळ्या वायरी गुंतून पडलेल्या असतात त्याच्यावर चिकटवले. मग लेबल खरे ठरावे म्हणून खण पहिल्यांदाच पूर्ण रिकामा केला. तळाशी, कोणत्या कोण्या जुन्या फोनच्या हेडफोनखाली, पाकीटसुद्धा न फोडलेली अगदी हीच चार्जिंगची वायर होती, त्याच लांबीची आणि त्याच रंगाची. पाकिटावरची तारीख पाहिली. ती परत करण्याची मुदत गेल्या वर्षीच संपलेली आहे.