आधी संचालक की आधी धोरण?

सामाईक संचालकांमुळे, म्हणजे एकच माणूस दोन कंपन्यांच्या संचालक मंडळांवर असल्यामुळे, त्या कंपन्यांची धोरणं सारखी होतात, असं एका लेखात वाचलं; ते म्हणणं अर्धंच आहे. चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला इलेक्ट्रिक वाहनांकडे वळायचं असेल, तर ती बॅटरी कंपनीच्या मंडळावरचा माणूस मुद्दाम शोधून आणते. म्हणजे धोरण आधी, संचालक नंतर. नेमणुकीची तारीख आणि भांडवली खर्चाच्या घोषणेची तारीख शेजारी ठेवून पाहा. तेवढ्याने सिद्ध काही होत नाही, पण अंदाज येतो.

अशा सामाईक संचालकांना आवर घालायला शेअर बाजाराची नियामक सेबीने एका माणसाला जास्तीत जास्त ७ सूचिबद्ध कंपन्यांवर संचालक राहता येईल अशी मर्यादा घातली, पण खरी फट कंपनी कायद्याच्या कलम १८४ मध्ये आहे. आपली कंपनी जिच्याशी करार करते, त्या समोरच्या कंपनीत संचालकाचे (एकट्याचे किंवा इतर संचालकांसह) २ टक्क्यांहून जास्त शेअर असतील किंवा तो तिथे प्रवर्तक, व्यवस्थापक अथवा सीईओ असेल, तरच त्या कराराच्या चर्चेतून त्याला बाहेर राहावं लागतं. दोन्हीकडे नुसताच स्वतंत्र (प्रवर्तकांशी वा व्यवस्थापनाशी संबंध नसलेला) संचालक असेल तर चर्चेत खुशाल बसतो! एमबीपी-१ या हितसंबंध जाहीर करायच्या फॉर्ममध्ये आपल्या इतर कंपन्यांची नावं लिहिली की काम झालं, असं बरेच जण समजतात. मंडळाने ठरवलं तर त्यालाही बाहेर बसवता येतं. बहुतेक ठिकाणी तो विषयच निघत नाही.