छेदणाऱ्या धावपट्ट्या आणि माणसाची स्मरणशक्ती

९ जून २००५ च्या संध्याकाळी अमेरिकेतील बोस्टनच्या लोगन विमानतळावर दोन प्रवासी विमानांना अवघ्या पाच सेकंदांच्या अंतराने उड्डाणाची परवानगी मिळाली. आयर्लंडमधील शॅननकडे निघालेले एअर लिंगसचे एअरबस ए३३० धावपट्टी १५आर वरून धावू लागले आणि फिलाडेल्फियाला जाणारे यूएस एअरवेजचे बोइंग ७३७ धावपट्टी ९ वरून. या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मध्ये टर्मिनलच्या इमारती असल्यामुळे सुरुवातीला एका कॉकपिटमधून दुसरे विमान दिसतही नव्हते. दोन्ही विमानांत मिळून ३८१ माणसे होती.

बोइंगच्या सहवैमानिकाला बाजूने येणारे एअरबस दिसले, तोवर त्यांच्या विमानाने ‘व्ही-वन’ हा वेग ओलांडला होता, म्हणजे ब्रेक लावून उरलेल्या धावपट्टीत सुरक्षितपणे थांबण्याची वेळ निघून गेली होती. नेहमीसारखे नाक उचलले असते, तर दोन्ही विमाने छेदबिंदूपाशी जमिनीपासून थोड्याच उंचीवर एकमेकांसमोर आली असती. सहवैमानिकाने कॅप्टनला विमान खालीच ठेवण्यास सांगितले आणि कंट्रोल कॉलम, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा, पुढे दाबून धरला. ज्या क्षणी हात सवयीने मागे ओढला जातो, नेमक्या त्या क्षणी त्याने तो पुढे रेटला. एअरबस त्यांच्या डोक्यावरून गेले. दोहोंमधील अंतर सुमारे ७० फूट असावे असा अंदाज सांगितला जातो. छेदबिंदू मागे पडल्यावर बोइंगनेही उरलेल्या धावपट्टीवरून उड्डाण केले.

या घटनेविषयी बोलताना बहुतेक जण इथेच थांबतात. त्या वैमानिकाचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे, परंतु मला त्याहून अधिक अस्वस्थ करते ते नियंत्रण मनोऱ्यात त्या वेळी जे घडले ते. कामाचा भार वाटून घेण्यासाठी तेथे दोन नियंत्रक स्वतंत्र रेडिओ फ्रिक्वेन्सींवर काम करत होते. पूर्वेकडील नियंत्रकाने पश्चिमेकडील सहकाऱ्याला एअरबस सोडण्यास होकार दिला, मग इतर विमानांच्या समन्वयात तो गुंतला आणि आपणच दिलेला होकार त्याच्या मनातून निसटला. त्याने बोइंगलाही परवानगी दिली. एअरबस छेदबिंदू ओलांडून जाईपर्यंत बोइंगला थांबवून ठेवावे, असा नियम तेथे होता. एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेनेही घटनेचे कारण म्हणून या नियमाच्या उल्लंघनावरच बोट ठेवले. जमिनीवरील हालचाल टिपणारी इशारा यंत्रणाही मनोऱ्यात होती. ती गप्प राहिली, कारण छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर दोन विमाने एकमेकांकडे धावत असताना इशारा देण्याची सोय तिच्यात नव्हती.

म्हणजे नियम होता, यंत्रणा होती, प्रशिक्षित माणसेही होती, आणि तरीही सगळा डोलारा एका माणसाला एक वाक्य लक्षात राहण्यावर उभा होता. रेल्वेत ही उणीव फार पूर्वी भरून काढली गेली. एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांसाठी एकाच वेळी हिरवा सिग्नल देताच येऊ नये, अशी इंटरलॉकिंगची व्यवस्था असते. सिग्नल केबिनमधील माणूस विसरला, तरी यंत्रणा त्याला ती चूक करू देत नाही. विमानतळावर मात्र परवानगी आजही मुख्यतः आवाजाने दिली जाते आणि आवाजाला कुलूप लावता येत नाही. अमेरिकेतील काही विमानतळांवर दुसरे विमान आडवे येत असेल तर आपोआप पेटणारे लाल दिवे धावपट्टीतच बसवले आहेत, आणि माझ्या मते योग्य दिशा तीच आहे. केवळ नियंत्रकाला निलंबित करून सुरक्षितता वाढते, हे मला मान्य नाही. त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस येतो, आणि तोही माणूसच असतो.

त्याच बोस्टनमध्ये २७ फेब्रुवारी २०२३ रोजी लिअरजेट या छोट्या जेट विमानाच्या वैमानिकांना धावपट्टी ९ वर येऊन थांबण्याची सूचना मिळाली. त्यांनी ती बिनचूक उच्चारून परत सांगितली आणि तरीही परवानगीविना उड्डाण केले. छेदणाऱ्या ४आर धावपट्टीवर जेटब्लूचे विमान उतरण्याच्या बेतात होते. छेदबिंदूपाशी जमिनीपासून जेमतेम ३० फुटांवरून त्याला पुन्हा वर जावे लागले. या वेळी मात्र इशारा वाजला होता. दोन घटनांमधील हा एक फरक मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या मुंबईच्या धावपट्ट्याही, ०९/२७ आणि १४/३२, एकमेकींना छेदतात. छेदबिंदूची दुरुस्ती काढली की दोन्ही बंद ठेवाव्या लागतात. २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून तीन दिवस सहा-सहा तास विमानतळ त्यासाठीच बंद असे. एरवी एका वेळी एकच धावपट्टी वापरली जाते. ‘दोन धावपट्ट्या असूनही एकच का वापरतात?’ अशी तक्रार, विशेषतः आकाशात घिरट्या घालत बसलेल्या प्रवाशांकडून, अनेकदा ऐकू येते. ती तक्रार मला पटत नाही. बोस्टनमध्ये जी चूक होऊ शकली, तिची शक्यताच या पद्धतीने बरीचशी मिटते.

परंतु एकाच धावपट्टीवरून तासाला ४६ विमाने हलवायची म्हटली की धोका दुसऱ्या रूपात परत येतो. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी अजून धावत असतानाच त्याच्या मागे त्याच धावपट्टीवर इंडिगोचे विमान उतरले. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गर्दीच्या वेळची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ वर आणण्याचा आदेश निघाला होता, तो मुख्यतः उशीर आणि आकाशातील खोळंबा कमी करण्यासाठी. मला तो निर्णय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही योग्य वाटला, आणि त्याहून पुढे जायला हवे असे वाटते.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. जसजशी उड्डाणे तिकडे जातील, तसतसे सांताक्रूझच्या धावपट्टीवर मोकळे स्लॉट, म्हणजे उड्डाण-उतरणीसाठी ठरवून दिलेल्या वेळा, तयार होतील आणि ते ताबडतोब भरण्याची घाई सगळ्यांनाच होईल. त्यातील काही स्लॉट कायमचे रिकामे ठेवावेत, दोन विमानांमधील वाढलेले अंतर वेळापत्रकातच लिहून टाकावे, आणि तेवढ्यासाठी तिकीट थोडे महाग पडले तरी आपण प्रवाशांनी कुरकुर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.